गाताना स्वतःचाच आवाज हेडफोनमध्ये मागून येतो? घरच्या रेकॉर्डिंगमधली लेटन्सी अशी आवरा

माइकसमोर 'सा' लावला आणि तोच 'सा' हेडफोनमध्ये जरा मागून आला की गाणं हातातून सुटतं. या उशिरालाच लेटन्सी म्हणतात. लय मागे खेचली जाते, सूर चाचपडतो आणि दहाव्या टेकला गळा थकतो. बहुतेकांचा पहिला संशय लॅपटॉपवर जातो आणि रॅम वाढवायचा विचार सुरू होतो. थांबा. दहातल्या आठ वेळा लॅपटॉपचा काही दोष नसतो. आवाजाला कानापर्यंत पोचायला उगाच लांबची वाट धरायला लावलेली असते. ती वाट बदलणं फुकट आहे आणि त्याला पाच मिनिटं लागतात. बफर, ड्रायव्हर वगैरे पुढची कामं त्यानंतरची.

इथली पायरी-पायरीची माहिती एका नेहमीच्या मांडणीसाठी आहे: दोन इनपुटचा यूएसबी इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारी पेटी), कंडेन्सर माइक, विंडोजचा लॅपटॉप, रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर आणि तयार कराओके ट्रॅकवर गाणारा एक गायक किंवा गायिका. दुसरं सॉफ्टवेअर असेल तर बटणांची नावं बदलतील, हिशोब तोच राहील.

उशीर होतो कुठे

माइकमधला आवाज इंटरफेसमध्ये जातो, तिथे त्याचे आकडे (सॅम्पल) होतात, ते यूएसबीतून लॅपटॉपमध्ये जातात, ड्रायव्हर (इंटरफेस आणि लॅपटॉप यांची गाठ घालणारा प्रोग्राम) ते रीपरला देतो, रीपर त्यात ट्रॅक मिसळतो आणि सगळं त्याच वाटेने परत येऊन हेडफोनमध्ये वाजतं. या वाटेवर सगळ्यात जास्त वेळ बफर खातो.

बफर म्हणजे वडापची जीप. सीटा भरल्याशिवाय ती सुटत नाही. बफर २५६ सॅम्पलचा असेल तर २५६ सॅम्पल गोळा होईपर्यंत पहिला सॅम्पलही जागेवर बसून राहतो. छोटी जीप लवकर भरते आणि लवकर सुटते, पण मग फेऱ्या वाढतात आणि जीप चालवणारा दमतो. लॅपटॉपची एखादी फेरी चुकली की हेडफोनमध्ये 'टक्' किंवा चरचर ऐकू येते.

आकड्यांत सांगायचं तर ४८,००० सॅम्पल रेटवर, म्हणजे सेकंदाला ४८,००० सॅम्पल धरले तर, ६४ चा बफर १.३ मिलिसेकंद घेतो, १२८ चा २.७, २५६ चा ५.३, ५१२ चा १०.७ आणि १०२४ चा २१.३. हे एका बाजूचं झालं. जाताना एक आणि येताना एक, म्हणून दुप्पट धरा. वर आवाजाचे आकडे करणाऱ्या आणि आकड्यांचा आवाज करणाऱ्या चिपचा वेळ, आणि ड्रायव्हरने सुरक्षेसाठी गुपचूप ठेवलेला जादा बफर. साध्या यूएसबी इंटरफेसवर हे मिळून आणखी दोन ते पाच मिलिसेकंद सहज होतात. म्हणजे बफर २५६ ठेवला तर कानाला जाणवणारा उशीर पाच नसून तेरा ते सोळाच्या घरात असतो.

तेरा मिलिसेकंद म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. हवेत आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. गिटारवाला अँपपासून साडेतीन मीटरवर उभा राहिला तर त्याच्या कानाला दहा मिलिसेकंद उशीर होतोच आणि त्याचं काही बिघडत नाही. गाणाऱ्याचं तसं नाही. स्वतःचा आवाज त्याला हाडांतून तत्क्षणी ऐकू येतो आणि हेडफोनमधला आवाज त्यावर येऊन आदळतो. दोन्हींत ५ मिलिसेकंदांचं अंतर असलं आणि दोन्हींची पातळी जवळपास सारखी असली, तर १००, ३००, ५०० हर्ट्झ अशा ठिकाणी ते एकमेकांना खातात. उशीर झालाय असं वाटत नाही, पण आवाज पोकळ, डब्यातून आल्यासारखा लागतो. म्हणूनच 'उशीर फारसा नाही, पण माझा आवाज मला आवडत नाहीये' ही तक्रारही पुष्कळदा लेटन्सीचीच असते.

पंधरा-वीस मिलिसेकंदांपुढे मात्र सरळ लयीवर परिणाम होतो. मिनिटाला १६० मात्रांच्या लयीत एका मात्रेत चार स्वरांची तान घेतली तर प्रत्येक स्वराला सुमारे ९४ मिलिसेकंद मिळतात. हेडफोन २५ मिलिसेकंद मागे असला तर स्वराचा पाव भाग आधीच हुकलेला असतो. गायक नकळत स्वतःची वाट पाहू लागतो आणि तान ओढली जाते.

सगळ्यात आधी ब्लूटूथ काढा

ब्लूटूथच्या हेडफोनवर नेहमीच्या कोडेकने (आवाज दाबून पाठवायच्या पद्धतीने) १५० ते २५० मिलिसेकंद उशीर होतो. कुठलीही सेटिंग बदलून तो गाण्याजोगा होत नाही. हेडफोन वायरचाच हवा आणि तो इंटरफेसच्या हेडफोन जॅकमध्ये हवा, लॅपटॉपच्या नाही. जॅक बहुधा पाव इंची असतो. साध्या ३.५ मिलिमीटरच्या पिनेसाठी अडॅप्टर ५०-१०० रुपयांत मिळतो. कान पूर्ण झाकणारा, बंद पाठीचा हेडफोन घ्या. त्याने उशीर कमी होत नाही, पण क्लिक (लयीची टिकटिक) आणि ट्रॅक माइकमध्ये गळत नाहीत.

मुख्य उपाय: आवाज लॅपटॉपपर्यंत जाऊच देऊ नका

रेकॉर्ड होण्यासाठी आवाज लॅपटॉपमध्ये जायलाच हवा. ऐकण्यासाठी जायची गरज नाही. जवळजवळ प्रत्येक इंटरफेसमध्ये डायरेक्ट मॉनिटरिंगची सोय असते. माइकचा आवाज इंटरफेसच्या आतल्या आत थेट हेडफोनकडे वळवला जातो आणि लॅपटॉपकडून फक्त ट्रॅक येतो. उशीर जवळपास शून्य होतो. काही इंटरफेस हे काम आतल्या डिजिटल चिपवर करतात, तिथे एक-दोन मिलिसेकंद लागतात, तेही चालतात. बफर १०२४ असला तरी आता गाणाऱ्याला फरक पडत नाही. ज्याला फक्त गायचं किंवा बोलायचं आहे, त्याने बफरशी झुंजत बसू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

ही सोय तीन रूपांत दिसते. फोकसराइट स्कारलेट सोलो किंवा टू-आय-टूवर ती चालू-बंद होते. मोटू एम-टूवर प्रत्येक इनपुटला वेगळं मॉनिटर बटण आहे. प्रीसोनस ऑडिओबॉक्स यूएसबी ९६ किंवा स्टाइनबर्ग यूआर-२२सी यांच्यावर मिश्रणाचा नॉब आहे: एका टोकाला माइक, दुसऱ्या टोकाला लॅपटॉप. नॉब असेल तर मधोमध ठेवून सुरुवात करा.

क्रम असा ठेवा:

१. हेडफोनचा आवाज पूर्ण खाली करा. डायरेक्ट मॉनिटरिंग चालू करताना कानात धमाका नको.

२. गाण्यातली सगळ्यात चढी ओळ पूर्ण ताकदीने गा आणि रीपरच्या मीटरवर शिखर उणे १० डेसिबलच्या आसपास राहील इतका गेन (इंटरफेसवरची माइकची पातळी) लावा.

३. डायरेक्ट मॉनिटरिंग चालू करा. एकाच माइकसाठी मोनो आणि स्टीरिओ असा पर्याय असेल तर मोनो निवडा. स्टीरिओत इनपुट १ डाव्या कानात आणि इनपुट २ उजव्या कानात जातं, म्हणून आवाज एकाच कानात येतो आणि लोक हेडफोन बिघडला म्हणून वायर हलवत बसतात.

४. रीपरमध्ये आवाजाच्या ट्रॅकवरचं (तुमचा आवाज ज्या पट्टीवर रेकॉर्ड होतो तिच्यावरचं) रेकॉर्ड मॉनिटरिंगचं स्पीकरसारखं छोटं बटण बंद करा. ट्रॅक रेकॉर्डसाठी सज्ज करणारं लाल बटण मात्र चालूच ठेवा.

५. आता हेडफोनचा आवाज हळूहळू वाढवा.

चौथी पायरी सगळ्यात जास्त विसरली जाते. ती राहिली की आवाज दोनदा ऐकू येतो: एकदा थेट, एकदा लॅपटॉपमधून फिरून. बफर मोठा असेल तर स्पष्ट प्रतिध्वनी येतो, लहान असेल तर विमान डोक्यावरून गेल्यासारखा घुमणारा आवाज येतो. ओळखायची खूण सोपी आहे. गाता गाता स्पीकरचं ते बटण दाबून पाहा. आवाज एकदम स्वच्छ झाला तर दोष तोच होता.

दुसरी हमखास अडचण म्हणजे ट्रॅकच्या गदारोळात स्वतःचा आवाज बुडणं. तयार कराओके ट्रॅक मास्टर केलेला असतो, त्याची शिखरं शून्य डेसिबलला टेकलेली असतात, आणि माइक उणे १० वर. ज्या इंटरफेसवर मिश्रणाचा नॉब नाही, तिथे लोक गेन वाढवत सुटतात आणि रेकॉर्डिंग फाटतं. गेनला हात लावू नका. रीपरमध्ये कराओके ट्रॅकचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) १० ते १५ डेसिबल खाली आणा आणि इंटरफेसवरचा हेडफोनचा नॉब वाढवा. तोल लगेच जमतो.

एवढ्यावरही सूर लागत नसेल तर एका कानावरून हेडफोन सरकवा. स्टुडिओत गायक सर्रास असं करतात. फक्त उघड्या कानाच्या बाजूचा कप डोक्याला टेकलेला राहू द्या, नाहीतर त्यातला ट्रॅक माइकमध्ये शिरतो.

थेट आवाज कोरडा लागतो, त्यावर तोडगा

डायरेक्ट मॉनिटरिंगबद्दलची एकमेव रास्त तक्रार ही, की कानात आवाज अगदी कोरडा येतो. अभंग किंवा भावगीत गाताना थोडी गुंज असेल तर गळा मोकळा होतो. यासाठी काही महाग इंटरफेसमध्ये आतच रिव्हर्ब असतो. नसला तरी बिघडत नाही: मूळ आवाज थेट ऐकायचा आणि लॅपटॉपकडून फक्त गुंज घ्यायची.

ही युक्ती का चालते ते बघा. मोठ्या दालनात भिंतीवरून परतणारा आवाज तसाही उशिरानेच येतो. त्यामुळे लॅपटॉपचा दहा-बारा मिलिसेकंदांचा उशीर गुंजेत आपोआप मुरून जातो. कानाला तो दोष न वाटता खोली मोठी झाल्यासारखं वाटतं.

रीपरमध्ये आवाजाच्या ट्रॅकवर रेकॉर्ड मॉनिटरिंग या वेळी चालू ठेवा, पण ट्रॅकच्या राउटिंगची खिडकी उघडून मास्टर सेंडवरची (मुख्य आउटपुटकडे जाणाऱ्या वाटेवरची) खूण काढा. आता लॅपटॉपमधून फिरलेला मूळ आवाज हेडफोनकडे जाणार नाही. एक नवा ट्रॅक घ्या, त्यावर रीपरसोबतच येणारा रीव्हर्बेट हा रिव्हर्ब (गुंज देणारा प्लगइन, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडायचं छोटं साधन) लावा. त्यातला ड्राय (मूळ आवाज) तळाला न्या, वेट (गुंज) शून्य डेसिबलवर ठेवा आणि इनिशियल डिले शून्य करा. मग आवाजाच्या ट्रॅकवरून या ट्रॅककडे सेंड जोडा आणि तो उणे १२ डेसिबलपासून हळूहळू वाढवत चवीप्रमाणे ठेवा. रेकॉर्ड होणारी फाइल कोरडीच राहते, कारण रिव्हर्ब दुसऱ्याच ट्रॅकवर आहे.

टेक झाल्यावर परत ऐकायला गेलात की मूळ आवाज गायब आणि नुसती गुहेतल्यासारखी गुंज ऐकू येईल. घाबरू नका, फाइल शाबूत आहे. मास्टर सेंडवर पुन्हा खूण करा. हीच अडचण टाळायची असेल तर रेकॉर्डिंगचा एक ट्रॅक आणि झालेले टेक ठेवायला दुसरा, असे दोन वेगळे ट्रॅक ठेवा.

लॅपटॉपमधूनच ऐकावं लागतं तेव्हा

गिटारचा अँप सॉफ्टवेअरमध्ये आहे, कीबोर्डवरून सॉफ्टवेअरमधली हार्मोनियम किंवा पियानो वाजवायचा आहे, किंवा सूर सुधारणारा प्लगइन लावूनच ऐकायचा आहे, तर थेट आवाजाचा उपयोग नाही. आवाज जन्मालाच लॅपटॉपमध्ये येतो. तिथे बफरला भिडावंच लागतं. ज्या कीबोर्डमध्ये स्वतःचे आवाज आहेत तो मात्र या यादीत धरू नका. त्याच्या आउटपुटची वायर इंटरफेसच्या लाइन इनपुटला जोडा आणि थेट ऐका.

पहिलं काम ड्रायव्हर. विंडोज स्वतःच्या वाटेने आवाज नेतं तेव्हा मध्ये सगळ्या प्रोग्रामचे आवाज मिसळणारा एक थांबा असतो आणि तिथे दहा-वीस, कधी त्याहून जास्त मिलिसेकंद जातात. स्टाइनबर्गने काढलेली एएसआयओ पद्धत हा थांबा टाळून थेट इंटरफेसशी बोलते. इंटरफेस बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून तुमच्या नेमक्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्या आणि बसवा. मग रीपरमध्ये ऑप्शन्स, प्रेफरन्सेस, ऑडिओ, डिव्हाइस असं जाऊन ऑडिओ सिस्टिम एएसआयओ करा. यादीत तीन-चार एएसआयओ नावं दिसू शकतात: लॅपटॉपच्या साउंड चिपचं, एखाद्या सॉफ्टवेअरने स्वतःसोबत आणलेलं 'जेनेरिक', आणि तुमच्या इंटरफेसचं. इंटरफेसच्या कंपनीचं नाव असलेलंच निवडा.

अगदी स्वस्त इंटरफेसना कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर नसतो. तिथे एएसआयओ-फॉर-ऑल वापरता येतो. तो विंडोजच्याच ड्रायव्हरवर चढवलेलं आवरण आहे, त्यामुळे खऱ्या एएसआयओइतका खाली जाईल अशी अपेक्षा नको, तरी फरक पडतो. त्यात यूएसबी माइक आणि लॅपटॉपचा हेडफोन जॅक अशी दोन वेगळी उपकरणं एकत्र जोडता येतात. ते करू नका. दोघांची घड्याळं वेगळी चालतात आणि काही मिनिटांत टकटक सुरू होते. मॅकवर ड्रायव्हरची ही दगदग नाही, पण दोन उपकरणं जोडून एक 'अ‍ॅग्रिगेट' उपकरण करायचा मोह तिथेही टाळा.

दुसरं काम बफर. 'एएसआयओ कॉन्फिगरेशन' बटणाने इंटरफेसची खिडकी उघडते. २५६ पासून सुरुवात करा. गाण्यातले सगळे ट्रॅक वाजवत पाच मिनिटं खरंखुरं रेकॉर्ड करा आणि ते रेकॉर्डिंग हेडफोनवर नीट ऐका. टकटक नसेल तर १२८, मग ६४. जिथे पहिल्यांदा आवाज तुटला, तिथून एक पायरी वर या. आवाज तुटलेला टेक कधीच वापरू नका, टकटक फाइलमध्ये कायमची बसलेली असते.

रीपरच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात सॅम्पल रेट, बफर आणि त्यापुढे दोन मिलिसेकंदांचे आकडे दिसतात. पहिला जाण्याचा, दुसरा येण्याचा. बेरीज दहाच्या खाली असेल तर गिटारसाठी पुरे. सॉफ्टवेअरचा पियानो वाजवताना फक्त दुसरा आकडा मोजायचा, कारण आवाज आत गेलेलाच नाही, बाहेर तेवढा यायचा आहे.

सॅम्पल रेट ९६,००० केला की त्याच बफरला निम्मा वेळ लागतो हे खरं, पण लॅपटॉपवरचा भार दुप्पट होतो आणि मग बफर वाढवावा लागतो. फिरून तिथेच. ४८,००० पुरेसा आहे, व्हिडिओलाही तोच लागतो.

तिसरं काम बहुतेक जण विसरतात: प्लगइन. बफर ६४ वर आणूनही उशीर जात नसेल तर दोष हमखास इथे असतो. काही प्लगइनना पुढचा आवाज आधी बघावा लागतो. मास्टरवरचा लुकअहेड लिमिटर, लिनिअर फेज इक्वलायझर आणि गोंगाट काढणारे प्लगइन हे नेहमीचे गुन्हेगार. २०४८ सॅम्पल मागणारा एकच प्लगइन ४३ मिलिसेकंद खातो, तुमचा बफर कितीही लहान असो. रीपरमध्ये एफएक्सची खिडकी उघडा, खाली डाव्या कोपऱ्यात सीपीयूच्या टक्क्यांशेजारी सॅम्पलचा आकडा असतो. आवाजाच्या ट्रॅकवर आणि मास्टरवर तो शून्य दिसेपर्यंत एकेक प्लगइन बंद करा. नुसता बायपास केल्याने काही प्लगइनचा उशीर जात नाही, ऑफलाइन करावा लागतो. रेकॉर्डिंगच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरपैकी क्युबेसमध्ये कन्स्ट्रेन डिले कॉम्पेन्सेशन, लॉजिकमध्ये लो लेटन्सी मोड, एबलटन लाइव्हमध्ये रिड्यूस्ड लेटन्सी व्हेन मॉनिटरिंग हे पर्याय याच कामाचे. सूर सुधारणाऱ्या प्लगइनमध्ये बहुधा कमी लेटन्सीची वेगळी खूण असते, रेकॉर्ड करताना ती चालू ठेवा.

तीस-चाळीस ट्रॅकचं भरलेलं गाणं असेल तर सगळ्यात सुटसुटीत मार्ग वेगळाच आहे. आतापर्यंतचं गाणं एका स्टीरिओ वेव्ह फाइलमध्ये काढा, नवा रिकामा प्रकल्प उघडा, ती फाइल शून्य सेकंदाला ठेवा आणि गायन तिथे रेकॉर्ड करा. एक ट्रॅक वाजवायला लॅपटॉपला काहीच कष्ट नाहीत, ६४ चा बफरही आरामात चालतो. झालेल्या फाइली शून्यापासून सुरू होतील अशा काढून मूळ प्रकल्पात न्या, त्या जिथल्या तिथे बसतील.

बफर लहान केला की टकटक होते, तिची कारणं

प्रोसेसर २० टक्क्यांवर असूनही आवाज तुटत असेल तर ताकद कमी पडत नाहीये, कुणीतरी मध्ये लुडबुड करतंय. जीप वेळेवर भरली, पण फाटकात अडकली. लेटन्सीमॉन हा फुकट प्रोग्राम दहा मिनिटं चालवा, कोणता ड्रायव्हर वाट अडवतोय ते तो नावानिशी सांगतो. पुष्कळदा तो वाय-फायचा निघतो. रेकॉर्डिंगपुरतं वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद करा आणि पुन्हा चालवून पाहा. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर सापडला तर तो अद्ययावत करा.

मग विंडोजची पॉवर योजना हाय परफॉर्मन्सवर न्या आणि तिच्या प्रगत सेटिंगमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. इंटरफेस हबमध्ये न लावता थेट लॅपटॉपच्या पोर्टमध्ये लावा. त्याच हबवर बाहेरची हार्ड डिस्क चालू असेल तर टकटक व्हायचीच.

लॅपटॉप चार्जरवर ठेवा, कारण बॅटरीवर तो वेग आवरता घेतो. चार्जर लावताच हेडफोनमध्ये गुणगुण सुरू झाली तर ती लेटन्सीची बाब नाही, घरातलं अर्थिंग तपासा. जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट दिसतं, पण तिसऱ्या भोकाला आत वायरच जोडलेली नसते. तीन पिनांची प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरमधून लावली असेल तरी तेच. इलेक्ट्रिशियनकडून सॉकेट तपासून घ्या. तोवर छोटे टेक बॅटरीवर काढा.

आणखी एक सवय सोडा: ट्रॅक ब्राउझरमध्ये यूट्यूबवर वाजवायचा आणि गायन रीपरमध्ये रेकॉर्ड करायचं. ब्राउझर इंटरफेसला दुसऱ्याच सॅम्पल रेटवर ओढू शकतो, एएसआयओ चालू असताना त्याचा आवाज बंदही पडतो, आणि पुढे दोन्ही जुळवणं म्हणजे डोकेदुखी. तानपुरा आणि तबल्याच्या अ‍ॅपचंही तसंच. फोनवर वाजवत गाण्याऐवजी ते आधी एका ट्रॅकवर रेकॉर्ड करून घ्या आणि मग त्यावर गा.

यूएसबी माइक आणि फोन

यूएसबी माइकच्या अंगावर हेडफोनचा जॅक असेल तर हेडफोन तिथेच लावा. तो थेट आवाजासाठीच दिलेला असतो. असा जॅक नसलेला यूएसबी माइक गाण्यासाठी घेऊ नका. विंडोजच्या माइक सेटिंगमधली 'लिसन टू धिस डिव्हाइस' ही खूण काढून टाका. ऑडॅसिटी वापरत असाल तर सॉफ्टवेअर प्लेथ्रू बंद ठेवा, त्यातून येणारा आवाज गाण्याजोगा नसतो. अँड्रॉइड फोनवर उशीर फोनागणिक बदलतो, म्हणून तिथेही हेडफोन जॅक असलेला इंटरफेस ओटीजीने जोडून थेट ऐकणं हाच खात्रीचा मार्ग.

कानात ठीक, पण रेकॉर्ड झालेला टेक सरकलेला

हे दुखणं वेगळं आहे. रेकॉर्ड झालेला आवाज ट्रॅकवर ठेवताना रीपर ड्रायव्हरने सांगितलेला उशीर वजा करतो. ड्रायव्हरने आकडा चुकीचा सांगितला की प्रत्येक टेक तेवढाच मागे किंवा पुढे पडतो. गायक समेवर आला तरी फाइल समेवर नसते, आणि दोष मात्र गायकाच्या लयीला लावला जातो.

मोजायला पाव इंची वायर पुरते. माइक काढून ठेवा, माइकला वीज देणारे ४८ व्होल्ट बंद करा, स्पीकर बंद करा. डायरेक्ट मॉनिटरिंग आणि रीपरचं मॉनिटरिंग दोन्ही बंद करा, नाहीतर आवाज गोल फिरून किंचाळेल. इंटरफेसच्या मागच्या डाव्या आउटपुटमधून वायर इनपुट २ मध्ये घाला, ते लाइनवर ठेवा, गेन कमी. ट्रॅक १ वर क्लिकची वेव्ह फाइल पूर्ण डावीकडे पॅन करा आणि ती वाजवत ट्रॅक २ वर इनपुट २ रेकॉर्ड करा. आता वरच्या पट्टीवर उजवं बटण दाबून मोजमाप सॅम्पलमध्ये करा, झूम करा आणि दोन्ही क्लिकची सुरुवात कुठे होते ते पाहा.

पाच-दहा सॅम्पलचा फरक सोडून द्या. पण समजा, रेकॉर्ड झालेली क्लिक २४० सॅम्पल मागे आहे, म्हणजे ४८,००० वर ५ मिलिसेकंद. प्रेफरन्सेसमध्ये ऑडिओखालच्या रेकॉर्डिंग पानावर ड्रायव्हरचा आकडा वापरण्याची खूण तशीच ठेवा आणि इनपुट मॅन्युअल ऑफसेटमध्ये २४० सॅम्पल भरा. चाचणी पुन्हा करा. फरक शून्याजवळ आला तर झालं, ४८० झाला तर चिन्ह उलटं करा. कोपऱ्यात दिसणाऱ्या दोन आकड्यांच्या बेरजेत हे ५ मिळवले की तुमच्या इंटरफेसचा खरा येण्याजाण्याचा उशीर मिळतो.

सॅम्पल रेट किंवा ड्रायव्हर बदलला की ही चाचणी पुन्हा करायची. काही इंटरफेसवर बफर बदलला तरी आकडा हलतो. जुळलेला ऑफसेट, बफर आणि सॅम्पल रेट चिकटपट्टीवर लिहून ती इंटरफेसच्या तळाला लावून ठेवा.